फुकटच्या तीन रात्री

“तीन रात्री फुकट,” नवऱ्याने मोबाईलवरचा निरोप वाचून दाखवला. “महिनाअखेर संपतायत. बोला, कुठे जायचं?”

बाळाच्या तोंडाशी चमचा धरून ती तशीच थांबली. पुढची ओळ त्याने पुटपुटत वाचली होती, पण तिच्या कानांनी ती नेमकी टिपली. तलावाकाठच्या आमच्या हॉटेलात वारंवार आल्याबद्दल आभार.

तलाव याच शहरात होता. घरापासून बसने चार थांबे.

“तू कधी राहिलास तिथे?”

“मी कशाला राहू? कंपनीचं काहीतरी असेल. मिळतंय तर घ्यावं.”

तो इतक्या सहज बोलला की तिला तेच जास्त खुपलं. कामानिमित्त तो बाहेरगावी जायचा, पण उतरायचा कंपनीच्या गेस्टहाउसवर. तिथला कोमट चहा आणि करकरणारा पंखा यांची गाऱ्हाणी तो न चुकता सांगायचा. मग हे हॉटेल आलं कुठून? फिरतीवरून परतल्यावरचा त्याचा चेहरा ती आठवू लागली. थकलेला असायचा, की थकल्यासारखा?

बाळ झाल्यापासून तिला कशाचीच खात्री वाटेनाशी झाली होती. गॅस बंद केला तरी ती मागे फिरून बघायची. बाळ शांत झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरायची. त्यामुळे हा संशय खरा की तिच्या जागरणाने शिणलेल्या डोक्यातला, हे तिचं तिलाही सांगता येईना. सरळ विचारलं तर तो हसेल. आणि हसला नाही तर?

जेवताना बेत सुरू झाले. नवऱ्याचं म्हणणं, तिन्ही रात्री सलग वापरून समुद्रावर जावं. तिथेही यांचं हॉटेल होतं. सासूबाईंनी त्याचीच री ओढली. इथल्या इथे राहण्यात कसली मजा, तुम्ही दोघं लांब जा, पिल्लूला मी बघते.

सासूबाई समजूतदार होत्या, त्याबद्दल वाद नव्हता. मुलाच्या लग्नाआधीच सासरे गेले आणि त्यांनी एकटीने घर सावरलं. उधळपट्टी त्यांना माहीत नव्हती. दुधाच्या पिशवीवरचं कुपनसुद्धा त्या कापून ठेवत. फुकट मिळतं ते सोडू नये, असं त्यांचं ठाम मत. त्यांची चैन एकच. महिन्याकाठी एक रात्र त्या बहिणीकडे जाऊन यायच्या, तीही मुलगा घरी असेल तेव्हा, सुनेला बाळासोबत एकटं पडायला नको म्हणून. परतायच्या त्या टवटवीत होऊन. मावशींकडे झोप उसनी मिळते का, असं तिने एकदा विचारलंही होतं. थट्टेत थोडा हेवा होताच.

“तिन्ही रात्री तलावाकाठी,” ती म्हणाली. “पिल्लूचे डॉक्टर इथे आहेत. ताप आला तर समुद्रावर मी कुणाला शोधू? आणि आई, तुम्हीही यायचं.”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी गुडघे पुढे केले, मग झाडांना पाणी कोण घालणार ते काढलं. शेवटी नवरा-बायकोत माझी लुडबूड कशाला, म्हणाल्या.

पण सून हटली नाही. तिला साक्षीदार हवा होता. जे काही निघायचं ते त्याच्या आईसमोर निघावं, म्हणजे त्याला शब्द फिरवता येणार नाही.

फुकटच्या रात्रींसाठी दाखवायचं हॉटेलचं कार्ड मात्र खणात सापडेना. लग्नात पाहुण्यांसाठी सासूबाईंनी तिथे खोल्या घेतल्या होत्या, तेव्हा दर मुक्कामाची नोंद ठेवणारं ते कार्ड नवऱ्याच्या नावावर मिळालेलं. अखेर सासूबाईंनी आपली पर्स उपसली. किराणावाल्याचं, औषधवाल्याचं, चपलांच्या दुकानाचं, अशा सगळ्या कार्डांत तेही निघालं.

“आईची पर्स म्हणजे बँकेचा लॉकर,” नवरा म्हणाला. सासूबाई हसल्या नाहीत.

शनिवारी दुपारी ते हॉटेलात पोचले. तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं. नवऱ्याकडे बघायचंच नाही. काउंटरवरच्या माणसाचे डोळे बघायचे. ओळखीचा चेहरा दिसला की तोंडाआधी डोळे बोलतात.

एसीचा झोत बाळाला नको, असं म्हणून सासूबाई त्याला घेऊन दाराजवळच्या मोठ्या कुंडीआड थांबल्या.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने कार्ड घेतलं, संगणकात पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत ओळखीचं काही नव्हतं.

“कार्डाचा तर बराच वापर झालाय,” ती म्हणाली. “पण सर, तुम्हाला इथे कधी पाहिलं नाही.”

“आलोच नाही कधी,” नवरा म्हणाला. “लिफ्ट ती का?” त्याने भलत्याच दाराकडे बोट केलं. ते सामानाच्या खोलीचं दार होतं.

सुनेचा जीव भांड्यात पडला. किती दिवस ती या साध्याभोळ्या माणसाच्या शर्टांचा वास घेत होती, त्याच्या हसण्याचे अर्थ लावत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. आज पिल्लू आईंकडे देऊन शांत झोपायचं, आणि उठल्यावर याच्याशी बरं बोलायचं, असं तिने ठरवलं.

तेवढ्यात कुंडीआडून खुळखुळा भिरकावला गेला आणि घरंगळत काउंटरपाशी आला. पिल्लूने भोकाड पसरलं. सवयीने सासूबाई त्याला कडेवर घेऊन लगबगीने पुढे आल्या आणि खुळखुळा उचलायला वाकल्या.

त्या सरळ झाल्या तेव्हा काउंटरवरच्या मुलीचा चेहरा उजळला होता.

“काकू, तुमचं कार्ड होय,” ती म्हणाली. “खिडकीकडची तुमची नेहमीची खोली रिकामीच आहे. काका गाडी लावतायत का?”