पंधरा मिनिटं

अमेरिकेत डॉक्टरकी करायच्या परवान्याची परीक्षा बारा दिवसांवर आली आणि तिचं सॉफ्टवेअरच बदललं. जुनं अंजनानं सीडीवर सराव करकरून पाठ केलं होतं. सुरुवातीच्या सूचनांना पंधरा मिनिटं असत; त्या न वाचता पुढं गेलं, की ती मधल्या सुट्टीत मिळत. तेवढ्यात केंद्राबाहेर तान्ह्या सोनमला पाजायचं, असं ठरलं होतं. आता शाहूपुरीतल्या नेटकॅफेत सरावाला नवं उघडलं, तर पडद्यावर एकही बटण जुन्या जागी दिसेना. हृदयाचे ठोके म्हणे हेडफोनमधून ऐकायचे. सूचना वाचाव्यात तर लेक उपाशी, गाळाव्यात तर परीक्षा जाणार. ती गोंधळून बाहेर आली. बाकावर सासूबाई सोनमला बोंडल्यानं दूध पाजत होत्या, आणि पोरगी निमूट पीत होती. “आत्या, हे कधीपासनं?” अंजनानं सासूबाईंना विचारलं. “झालं की आठ दिस, तू अभ्यासाला बसलीस की पाजते. तुझ्या मशिनीचा काय भरवसा?” बरं वाटलं की वाईट, कळेना. कुर्ता मात्र दुधानं भिजला.