लॅटिनची पाहणी

रविवारी सकाळी साडेसात वाजता घुग्घुसजवळच्या एका छोट्या चर्चमध्ये लॅटिन मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू झाली. मराठी मिस्सेमुळे चर्चचा आठवडी बाजार झालाय, असं लॅटिनप्रेमी मंडळाचे बर्नार्डभाऊ तीन वर्षं बिशपांना लिहीत होते, तेव्हा कुठे ही एक मिस्सा पदरात पडली. लॅटिनमध्ये उत्तरं देणारे भाविक इथं खरंच आहेत का, हे पाहायला बिशपांनी एक फादर पाठवले होते. असले तर मिस्सा दर महिन्याला, नसले तर कायमची बंद.

"दोमिनुस वोबिस्कुम," वेदीवरून मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूंची हाक आली. बर्नार्डभाऊंच्या मंडळाचे अकराही सभासद माना खाली घालून मोबाइलमध्ये उत्तर शोधू लागले.

"एत कुम स्पिरितु तुओ!" मागून खणखणीत आवाज आला. इन्व्हर्टर दुरुस्त करायला आलेले त्र्याहत्तर वर्षांचे जाफरचाचा हातात पक्कड घेऊन उभे होते. शेवटपर्यंत त्यांचं एकही उत्तर चुकलं नाही.

बर्नार्डभाऊंनी त्यांना बाहेर गाठलं. "चाचा, तुमाले हे कसं येते?"

"मिशनच्या बोर्डिंगात होतो ना भाऊ. चुकलो का छडी बसे. पन तुमी सारे काऊन मुके झालते?"

पुढच्या बाकावर बसून मागून येणारी उत्तरं नुसती ऐकलेले पाहणीचे फादर मात्र खूश होते. जाताना ते एक फॉर्म देऊन गेले.



बुधवारी संध्याकाळपर्यंत बर्नार्डभाऊंनी तो सगळा भरलाय. फक्त 'लॅटिन जाणणाऱ्या भाविकाचे पूर्ण नाव' ही एक ओळ अजून कोरी आहे.