गळलेल्या पाकळ्या

नवऱ्याचं पत्र आलं ते वाळक्या काटकीला बांधून. क्योटोच्या राजदरबारात पत्रासोबत त्या त्या ऋतूचं फूल पाठवायची रीत. पडद्याआड तिच्याभोवती बसलेल्या राणीच्या बाकीच्या सख्या खुदखुदल्या.

"उत्तरेला सुभेदारी करता करता पार गावंढळ झाले हो तुमचे हे!"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नाआधी याच माणसाच्या फुलांवर सगळा महाल भाळला होता. पत्र न उघडताच तिनं पडद्यातून विचारलं, "ही काटकी त्यांनी स्वतः दिली?"

बाहेर पायरीवर गुडघे टेकून बसलेला म्हातारा निरोप्या ओशाळला. "चेरीचा बहर होता, बाईसाहेब. धन्यांनी स्वतः झाडावर चढून तोडली. पण वाट पडली चाळीस दिवसांची. कितीही जपलं तरी रोज थोड्या पाकळ्या गळायच्या."

"मग?"

त्यानं कमरेची पुरचुंडी सोडली. आत तपकिरी पडलेल्या, कागदासारख्या पाकळ्या होत्या. "एकही टाकली नाही. तुम्हाला पाठवलेल्या, मी वाटेत कशा टाकू?"

आतलं हसू थांबलं.

परक्या पुरुषाला नखही दिसू न देणाऱ्या त्या महालात पडद्याखालून दोन हात बाहेर आले, ओंजळ करून.