दोन वर्तुळं

"आता मास्तर काढतील," मालक म्हणाले आणि चित्रं काढायची काचेची पाटी त्यांच्यापुढे सरकवली.

मास्तर म्हणजे या खोक्यांच्या कारखान्यातले चित्रकार. साबण असो, बिस्किटं असोत, खोक्यावरची नक्षी त्यांच्याच हातची. गेल्या वर्षापासून तो हात थरथरत होता. ते फक्त बायकोला ठाऊक होतं. कारखान्यात झाकली मूठ सव्वा लाखाची. सकाळच्या गोळीचा असर असेतो मास्तर रेषा उरकून घेत आणि दुपारी नुसते रंग भरत बसत.

आज नेमकी दुपार होती. संगणकावर चित्रं काढायच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली होती आणि ती शिकवायला आलेला माणूस एकेक नवलाई दाखवत होता. फोटोच्या आपोआप रेषा होतात. एका टिचकीत सगळे रंग बदलतात. मास्तर मान डोलवत होते. अशा कितीतरी आवृत्त्या त्यांनी पचवल्या होत्या. दर वेळी काम हलकं होणार म्हणून सांगितलं, आणि दर वेळी घरी जायला तेवढाच उशीर झाला.

"एक वर्तुळ काढा. नुसत्या हाताने," शिकवणारा म्हणाला.

मास्तर रेष ओढायला बसले की खोलीतलं सगळं थांबायचं, ही कागदाच्या काळापासूनची रीत. खोकी चिकटवणाऱ्याने टेप खाली ठेवली. कुणीतरी उठून पंखा बंद केला. झालं, आज अब्रू गेली, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी श्वास रोखून पेन टेकवलं. ते काचेवर टकटक वाजलं.

पडद्यावर वर्तुळ उमटलं. गोल गरगरीत.

"हे या वेळचं खास," शिकवणारा म्हणाला. "हात कसाही चालू दे, रेष प्रोग्रामच सुधारून घेतो."

टाळ्या झाल्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. निवृत्तीपर्यंत आता निभेल. एकदम इतका थकवा आला, की तिथेच खुर्चीत डोळे मिटावेत.

"मी बघू का हो?" हिशेब बघणाऱ्या बाईंनी पेन ओढून घेतलं. "चित्रकलेत नापास व्हायचे मी! आमच्या बाई तर म्हणायच्या, तू रांगोळीला हातच लावू नकोस." बोलता बोलता त्यांनी पेन फिरवलं, मध्येच शिंकल्या. टेपचा चरचर आवाज पुन्हा सुरू झाला होता.

दुसरं वर्तुळ पहिल्याच्या शेजारी उमटलं. मालक आळीपाळीने दोन्हींकडे बघत राहिले. मग बाईंना म्हणाले, "दुपारी तुम्हाला फारसं काम नसतं, नाही का?"

मास्तर जिन्यात आले तोच बायकोचा फोन आला.

"अहो, काय झालं आजच्या शिकवणीचं? कळलं का कुणाला?"

"नाही."

"सुटलो बाई! मग आवाज असा का येतोय तुमचा?"

मास्तर पायरीवर बसले.

"हाताकडे कुणी बघितलंच नाही गं," ते म्हणाले.