चौथ्या रविवारची पिशवी

मनापासून देण्यात आमचा हात धरणारी ख्रिस्ती मंडळी साऱ्या वर्धा जिल्ह्यात नव्हती. त्र्याहत्तरच्या दुष्काळातही दर रविवारी घरटी मूठभर ज्वारी चर्चमधल्या पिशवीत टाकायची आणि सोमवारी ती पिशवी विधवा आनंदाबाईंकडे पोचवायची, असं ठरलं. चौथ्या रविवारी भरलेली पिशवी पाहून पाळकांनी देवाचे आभार मानले. पाळकीणबाई मात्र गाठीकडेच पाहत राहिल्या.

“आनंदाबाई, ही तर मी पहिल्या सोमवारी बांधलेली गाठ. पिशवी सोडलीच नाही तुम्ही?”

“माह्यं भागते, बाई. सारे देऊन राह्यले, मंग मीच रिकाम्या हातानं कशी येऊ? दर रविवारी तशीच वापस आनली.”

ज्वारी टाकायलाही गाठ सोडावी लागते. पहिल्या सोमवारनंतर ती कोणीच सोडली नव्हती.