हुलग्यांचा डबा

छत्तिशीतच पाळी गेल्याचं दीपमालानं घरात कळू दिलं नव्हतं. लोक म्हातारी म्हणतील या धास्तीनं दर महिन्याला ती खोटंच पडवीत बाजूला बसायची. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या आणि आज अवचित खरीच पाळी आली. ती घाईनं बाहेर बसली, पण गोळ्यांचं पाकीट स्वयंपाकघरातच राहिलं, हुलग्यांच्या डब्यात. आता आत पाऊल टाकायची सोय नव्हती. आत डबे वाजू लागले. सासूला आजच हुलगे कसे आठवले? मग सगळं चिडीचूप झालं. सासूनं ताट आणलं. भाकरीशेजारी पाकीट होतं. "लेकरू नको म्हणून खातीस?" दीपमालानं मान खाली घालून सगळं सांगितलं. "म्हंजी वरीसभर खोटंच बसलीस?" "हाव." सासूनं अंगणातल्या सासऱ्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी धा वर्सं खोटंच बसले. त्यायला अजून पत्ता न्हाई."