पक्ष्याच्या पायाखालचं

नदीकाठच्या बागेत तीन मजली उंचीचा पोलादी पक्षी बसवायचा होता. त्याचा काँक्रीटचा पाया मी बांधला. खोल खड्डा, जाडजूड सळ्यांची जाळी आणि दिवसभर न थांबता ओतलेलं काँक्रीट. मग त्यावर माती पडली, हिरवळ लावली गेली आणि उद्घाटनाच्या सगळ्या टाळ्या शिल्पकाराने नेल्या. मी सासऱ्यांना हट्टाने तिथे घेऊन गेलो. म्हटलं, "याच्या खाली जे आहे ना, ते माझं काम."

त्यांनी वाकून नीट पाहिलं. "छान आलंय हो गवत."

परवा मोठं वादळ झालं. बागेत कुणी नव्हतं हे नशीब. पक्षी घोट्यातून मोडून आडवा झाला आणि शिल्पकार बिचारा डोकं धरून बसला. वरची माती वाहून गेली होती, पाया मात्र तसूभरही हलला नव्हता. वादळ ओसरल्यावर बघायला जमलेल्या गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "पाया काय भक्कम बांधलाय." मी शिल्पकाराचं सांत्वन करायला पुढे निघालो.



बायकोने मागून शर्ट ओढला. "अहो, आधी तोंडावरचं हसू तरी पुसा."